उलट्या घडीच्या साड्या

धुडकूभाऊंचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्यांना पगारच त्याचा मिळत होता. सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात रसिकशेठची साड्यांची पेढी होती. तिथल्या सॅम्पलच्या खोलीवर पारोळ्याकडचा हा माणूस ऐन जवानीपासून पहारा देत आलेला. कोणी नवी डिझाइन बघायला आला की भाऊ आधी त्याच्या पिशवीकडे बघत, मग हातांकडे, आणि अगदी शेवटी तोंडाकडे. मार्केटची तऱ्हाच तशी, काय करणार! आज तुमच्या गादीवर दिसलेली साडी आठवड्याभरात शेजारच्या गाळ्यात स्वस्तात टांगलेली. म्हणून भाऊ नवा माल कायम उलट्या घडीत ठेवत, फिकी बाजू वर. गिऱ्हाईक पक्कं असलं तरच सुलटी करून दाखवत.

इतकं डोळ्यात तेल घालूनही मागच्या लग्नसराईत घात झालाच. पेढीची मोराची डिझाइन बाजारात यायच्या आधीच दुसऱ्याच्या दुकानात झळकली. खोली कोणाच्या ताब्यात? धुडकूभाऊंच्या. मग चोर कोण? मार्केटानं दोन आणि दोन चार केले. शेठ तेवढे म्हणाले, "जाऊ दे, धुडकूभाई, झालं ते झालं." भाऊंना गहिवरून आलं. शेठच्या मनात संशय आहे आणि तरी पोलिसात दिलं नाही, केवढं मोठं मन, असं ते बायकोला, उषाबाईंना, सांगत राहिले. पण बोलणं मार्केटातून भाऊंच्या वस्तीत, गोडादऱ्यापर्यंत पोचलंच. लेकीची, रंजनाची सोयरीक जमत आली होती. मुलाचे काका गणपतराव त्याच मार्केटात पॅकिंगचं काम करायचे. त्यांनी निरोप धाडला, "पोरगी चांगली शे, पन आम्हले चोरना घरनी नको." त्या दिवसापासून उषाबाई चार बायकांत बसेनाशा झाल्या.

भाऊंनी मनाशी ठरवलं होतं की आता पेढीतून सुतळीचा तोडासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि नेमकं तेव्हाच, नव्याण्णव साली, शेठच्या डोक्यात वेबसाइट शिरली.

"दुबईचं, लंडनचं गिऱ्हाईक घरबसल्या आपली साडी बघेल," शेठ म्हणाले.

"आणखी कोण बघणार?"

"सगळं जग!"

"म्हणजे समोरचा गाळेवालापण?"

शेठ हसले. भाऊंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. उद्या डिझाइन चोरीला गेली तर बोट पुन्हा कोणाकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

साइट बनवायला चैताली आली. उधन्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी, तरतरीत, भरभर बोलणारी मुलगी. तिनं आधी कागदावर चौकोन आखले. इथे पेढीचं नाव, इथे साड्या, इथे पत्ता, असं एकेक पान. भाऊंनी तो कागद उचलून उजेडात धरून पाहिला. मग म्हणे फोटो हवेत. इथे भाऊ अडून बसले. कापडाला हात मी लावणार, दुसरं कोणी नाही!

"काका, मी काय खाणार आहे का साडी?"

"तसं नाही बेटा. कायदा आहे आमचा."

कायदा कसला डोंबलाचा! भाऊंनी एकेक साडी स्टँडवर लावली, उलट्या अंगानं. रंग मेलेले, रेघा पुसटलेल्या, काठ घडीत दडवलेले. बघ म्हणावं जगा! चैतालीनं बिचारीनं फोटो काढले. रीळ धुवायला स्टुडिओत गेलं तर भाऊ तिथेही जाऊन बाकावर बसले. फोटो स्कॅनरमध्ये घातले तेव्हा त्या झाकणाखालून कसला उजेड सरकतोय ते वाकून वाकून पाहिलं.

"काका, रंग फार फिका येतोय हो."

"ट्यूबलाइट जुनी आहे," भाऊ शांतपणे म्हणाले.

पोरगी रंग गडद करत बसली, स्कॅनरला शिव्या घालत. पानं जोडून झाली. एकावर क्लिक केलं की दुसरं उघडायला लागलं. मग फोनची वायर कॉम्प्युटरला लागली, मोडेम किंचाळू लागलं, आणि पेढीचा फोन तासन्‌तास एंगेज. भाऊंना वाटे, आत्ता या वायरीतून आपली खोली रिकामी होतेय. पण ते गालातल्या गालात हसतही होते. न्या, न्या, फिकं अंग न्या!

घटस्थापनेला उद्घाटन. मॉनिटरला कुंकू, समोर नारळ, पेढे, मार्केटातले व्यापारी दाटीवाटीनं उभे. पहिली साडी पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरू लागली. सगळे माना पुढे काढून बघत होते.

"अरे रसिकभाई," मद्रासचा एक दलाल ओरडला, "ये तो उलटी साडी है!"

दुसरी उलटी. तिसरी उलटी. असं हसू फुटलं की विचारता सोय नाही. पेढे तोंडात धरून लोक जिना उतरले.

ते गेल्यावर शेठ चैतालीवर फिरले. "कोणी पाठवलं तुला? माझं नाक कापायचे किती घेतलेस?"

"सर, मी काय केलं?" पोरीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

भाऊ दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. बापाच्या वयाचा माणूस खोटं पाडतोय आणि पोरगी नुसती रडत उभी. रंजनाही अशीच उभी होती, गणपतरावांचा निरोप आला तेव्हा.

"शेठ, तिला काही बोलू नका. उलट्या मी लावल्या. एकदा चोर ठरलोय, पुन्हा डिझाइन गेली असती तर मला सुरत सोडावी लागली असती."

शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे गांडा, वेड्या, तू कशाला डिझाइन विकशील? मला काय ठाऊक नव्हतं? ते तर आपल्या भाविनचं..."

आणि जीभ चावली. भाविन म्हणजे शेठचा सख्खा पुतण्या.

मार्केटातल्या दर माणसाच्या पिशवीवर भाऊंनी संशय घेतला होता, हमालावर, शिंप्यावर, या पोरीवर. एकट्या शेठवर घेतला नव्हता.

"तेव्हाच ठाऊक होतं?"

"घरची गोष्ट होती, धुडकूभाई. जाऊ दे ना आता."

भाऊंनी कॉम्प्युटरची वायर काढली आणि फोनला लावली. गणपतराव पॅकिंगला होते त्या पेढीचा नंबर स्वतः फिरवला, त्यांना बोलावून घ्यायला लावलं आणि रिसीव्हर शेठच्या हातात दिला. स्वतः कान लावून इतके जवळ उभे राहिले की शेठना मान वळवता येईना.

"गणपतभाई, ते मागच्या वर्षी जरा गैरसमज..."

"गैरसमज नाही," भाऊ म्हणाले. "नाव घ्या."

शेठनी चैतालीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. घाम पुसला. "डिझाइन माझ्या भाविननं विकली होती. धुडकूभाईनं नाही. मला माहीत होतं."

पलीकडून गणपतरावांचा पडलेला आवाज आला, "पन आते काय उपेग? आमना पोऱ्यानं लगीन तर वैशाखमाच व्हयी गयं."

भाऊंनी रिसीव्हर काढून घेतला.

"ते माले ठाऊक शे," ते म्हणाले. "तुम्ही फकत आज संध्याकायले मन्हा घर या, आनि आते जे आयकं ते मन्ही रंजनाले सांगा."