रुमाल टाकून धरलेली जागा

सुगत गेल्याचा फोन पालमच्या पोस्टात आला. पोस्टमास्तर स्वतः शाळेत आले, वर्गाच्या दारात थांबले आणि म्हणाले, "सर, जरा बाहेर या..." मी फळ्यावर गणित मांडत होतो, ते तसंच राहिलं. बंगलोरला त्यानं कावीळ अंगावर काढली. सोबतच्यांनी दवाखान्यात नेलं तोवर वेळ निघून गेली होती. वय तिशीच्या आतलं. त्याच्या मायला हे सांगायचं माझ्या वाट्याला आलं, कारण त्या मायलेकांना गावात माझ्याशिवाय जवळचं कुणी नव्हतं.

आमची दोस्ती परभणीच्या बसमध्ये जमली. नामांतरावरून मराठवाडा पेटला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही शाळकरी पोरं, परीक्षेला निघालेलो. स्टँडवर गाडी लागली की सुगत खिडकीला लोंबकळून आत रुमाल टाकायचा, तिघांचं बाकडं धरायचा आणि माय मागून सावकाश चढायची. त्या दिवशी गाडी खच्चून भरली. माणसं दांडीला लटकत होती, पण या दोघांच्या शेजारची तिसरी जागा रिकामीच. हे बौद्धवाड्यातले, हे पालममध्ये सगळ्यांना ठाऊक. मी जाऊन बसलो. यात माझा मोठेपणा शून्य; पाय दुखत होते. मायनं सरकून घेतलं आणि माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. पुढं कॉलेजपर्यंत ते बाकडं आम्हा तिघांचं झालं.

सुगत इंजिनिअर झाला, बंगलोरच्या एका कंपनीत लागला. कॉम्प्युटरच्या पोटात जो मूळ प्रोग्राम चालतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यावर त्याचं काम. पालममध्ये कॉम्प्युटर कुणी बघितलेला नव्हता. गावानं ठरवून टाकलं की सुगत यंत्रं दुरुस्त करतो. तो सुट्टीवर आला की लोक बंद पडलेले रेडिओ घेऊन दारात हजर. तो खोलून बघायचाही बिचारा. खरं काम तो मला सांगायचा, आणि मी गणिताचा मास्तर असूनही निम्मं डोक्यावरून जायचं. एकदा स्टँडवर मी म्हणालो, "सोपं करून सांग की लेका."

"ही गाडी बघ, दिग्या. मशीनची मेमरी म्हंजी ही गाडी. तिचे बारके बारके तुकडे पाडत्यात, त्याला पान म्हनायचं. कुठलं पान कुठं हाय, हे कर्नलला ध्यानात ठेवावं लागतं. काम लय मोठं असलं की पानंच हजारो, आन् धुंडण्यातच येळ जातो. म्हून मी मोठी पानं करायलोय. पत्ता एकच, आन् समदं कुटुंब एका बाकड्यावर."

"मग अडलं कुठं?"

"मोठ्या पानाला सलग जागा लागती. मशीन सुरू करताना ती असती. मग कोनी इथं बसतं, कोनी तिथं... जागा ऱ्हाती रे, पन सुटी सुटी. म्हून आधीच रुमाल टाकायचा."

त्याच्या साहेबांना हे पसंत नव्हतं. धरलेली जागा ओस पडते आणि बाकीचे ताटकळत उभे राहतात, असं त्यांचं म्हणणं. सुगतलाही ते पटत होतं. ज्याच्यासाठी धरली तो आलाच नाही, तर ती जागा मोकळी कशी करून द्यायची, तेवढं जमवायचं बाकी होतं. ते राहूनच गेलं.

बंगलोरात तो फार एकटा होता. मायनं तिथं राहायला यावं, एवढा एकच त्याचा ध्यास. तिच्यासाठी त्यानं दोन खोल्यांचं घर घेतलं. माय इथल्या दवाखान्यात आया; "रिटायर झाले की येते," म्हणायची. शेवटच्या सुट्टीत तो तिला म्हणाला, "जागा धरून ठेवलीया माय. रुमाल टाकलाय." आम्ही तिघंही हसलो होतो.

फोन आल्यावर मी आणि माय बंगलोरला गेलो. अंत्यविधी उरकून त्याच्या घरी आलो. बाहेरच्या खोलीत पुस्तकं, कागद आणि त्याची चटई. आतल्या खोलीत नवी खाट, गादी, कोरी चादर. आणि चादरीवर, अगदी मधोमध, त्याचा निळ्या काठाचा रुमाल. माय दारातच उभी राहिली. तिनं रुमाल उचलला, खाटेवर मात्र बसली नाही.

मी आता गावात कुणाशी बोलू, हे मला खरंच कळत नाही. संध्याकाळी पाय आपोआप स्टँडकडं वळतात. गेल्या आठवड्यात मायला डोळे दाखवायला परभणीला नेलं. बाकडं तिघांचं. ती खिडकीशी बसली, कडेला मी. मध्ये तिनं कमरेचा निळ्या काठाचा रुमाल काढून ठेवला. गाडी भरत गेली. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई गर्दीतून आमच्यापाशी आली. रुमालाकडं बघून म्हणाली, "मावशी, कोन यायचंय का हितं?"

मायनं रुमाल उचलला, घडी घातली, कमरेला खोवला आणि खिडकीकडं सरकली.

"बस बाई," ती म्हणाली. "कोनी न्हाई यायचं आता."