आमच्या अंगणातलं मोफत पशू-तपासणी शिबिर

मुलीला घरी थांबवण्यासाठी मी एकदा अंगणात सतरा जनावरं जमा केली होती.

म्हणजे मुलगी काही पळून चालली नव्हती. पल्लवी, आमची पिंकी, जनावरांची डॉक्टर आहे. साडेपाच वर्षं शिकून ती डॉक्टर झाली तेव्हा मी दुर्गजवळच्या स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले आणि पलीकडच्या हुडको वसाहतीत दवाखान्यासाठी एक गाळाही पाहून ठेवला. समोर मोकळी जागा, शेजारी चहावाला, जनावरं बांधायला कडुनिंब. (कडुनिंब मी दोनदा जाऊन पाहून आलो.) पण पिंकी म्हणाली, आधी एम.व्ही.एस्सी. करते. दोन वर्षं ती पॅथॉलॉजीत, म्हणजे जनावर नेमकं कशानं मेलं हे शोधायच्या खात्यात, जाऊन बसली. ते संपलं तर आता पीएच.डी. म्हणे! तीही परराज्यातल्या एका संशोधन संस्थेत, बकऱ्यांच्या फुप्फुसांवर.

मी रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. आमच्याकडे शिकाऊ माणूस एकदा पक्का झाला की त्याच्या हातात पाना देतात, त्याला परत वर्गात बसवत नाहीत. हे मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे समजावलं की या डिग्रीनंतर रस्ते पुष्कळ असतात. कोणी सरकारी दवाखान्यात जातं, कोणी कोंबड्यांच्या कंपनीत, कोणी प्राणिसंग्रहालयात, कोणी लस बनवणाऱ्या लॅबमध्ये. मी विचारलं, यातला हुडकोला जाणारा रस्ता कोणता?

"बाबा, दवाखान्यात मी एका टाइमाले एक बकरी बरी करीन," ती म्हणाली. "मले हे पाहाचं आहे का अख्खा कळप हप्त्याभरात कावून मरते."

"मंग एकेक करून अख्खा कळप बरा कर ना."

त्यानंतर महिनाभर आमच्यात जेवताना मीठ मागण्यापुरतंच बोलणं होत होतं, आणि शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाजीत मीठ नेमकं घातलं की तेवढंही नाही.

मग मला युक्ती सुचली. (मला युक्ती सुचली की शोभा देवासमोर दिवा लावते, पण या वेळी मी तिला कळूच दिलं नाही.) मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता आमच्या अंगणात मोफत पशू-तपासणी शिबिर आहे. माझा हिशेब साधा होता. जिवंत जनावर समोर उभं राहील, मालक हात जोडेल, पोरीचं मन विरघळेल, आणि सोमवारी आम्ही गाळ्याची चावी आणायला जाऊ.

मला एकच गोष्ट माहीत नव्हती. त्याच शनिवारी, त्याच साडेदहा वाजता, पिंकीची पीएच.डी.ची मुलाखत होती. लॅपटॉपवर, समोरच्या खोलीत, कारण आमच्या घरात नेटवर्क तिथंच येतं. मी तोंड पाडून बसेन म्हणून तिनं हे फक्त आईला सांगितलं होतं. घरात दोन गुपितं सांभाळली जात होती आणि दोन्हींचा मुहूर्त एकच निघाला.

सव्वादहालाच लोक आले. यादवजी म्हैस घेऊन आले. शेजारच्या नायर मॅडम टफी नावाचं पांढरं कुत्रं कडेवर घेऊन आल्या. निवृत्त मास्तर पांडेजी पिंजऱ्यात पोपट घेऊन आले. त्याला काही झालं नव्हतं, पण मोफत आहे तर दाखवून घेऊ म्हणाले. माझ्या मिलमधले साहूजी तर थेट चरोद्याहून टेम्पोत तीन बकऱ्या घालून आले. शिवाय आणखी कुत्री, मांजरी आणि टोपलीत झाकलेलं एक कोंबडं. मी खुर्च्या मांडल्या, चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटले. कोंबड्याला सातवा नंबर मिळाला.

दहा पस्तीसला शोभा बाहेर आली.

"हे काय करून राहिले तुमी?"

मी अभिमानानं सांगितलं. तिनंही सांगितलं, आत काय चाललंय ते.

"चाळीस मिनिटं," ती हळूच म्हणाली. "एक आवाज जरी आत गेला ना, तर तुमाले त्या म्हशीजवळ बांधीन."

इतक्या लांबून आलेल्यांना परत जा कसं म्हणणार? मी दबक्या आवाजात सगळ्यांना विनंती केली की डॉक्टरीण बाई महत्त्वाच्या कामात आहेत, जरा शांतता राखा. माणसं लगेच कुजबुजू लागली. पण सतरा जनावरांसमोर माणसं एकदम कुजबुजायला लागली की जनावरांना संशय येतो. म्हशीनं हुंकार भरला. मी तिला आमचं मेंदीचं कुंपण खाऊ घातलं. कुत्र्यांना सकाळच्या पोळ्या वाटल्या. बकऱ्यांनी न विचारता शोभाचं कढीपत्त्याचं झाड सुरू केलं आणि मी ते होऊ दिलं, कारण खाणारी बकरी ओरडत नाही. राहिला पोपट. मी 'शू' केलं की तो मोठ्यांदा "कौन है?" विचारायचा. अंधार झाला की पोपट झोपतो असं पांडेजी म्हणाले, म्हणून मी अंगातला शर्ट काढून पिंजऱ्यावर घातला. पोपट खरंच गप्प झाला. मी बनियनवर उरलो, पण शांतता झाली.

एवढ्यात साहूजींची एक बकरी दार ढकलून समोरच्या खोलीत शिरली.

मी रांगत आत गेलो. उभा राहिलो असतो तर लॅपटॉपमध्ये दिसलो असतो ना! पिंकी इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होती. बकरी टेबलाखाली. मी तिचा मागचा पाय धरला, तिनं हिसडा दिला, टेबल हललं, लॅपटॉपचा पडदा पुढे कलला आणि पाच शास्त्रज्ञांना एकाच वेळी मी दिसलो. बनियनवर, गुडघ्यांवर, बकरीला मिठी मारलेला.

मग बकरी खोकली.

"सर, ये मेरे पापा हैं," पिंकी म्हणाली. बकरीबद्दल तिच्याकडेही काही माहिती नव्हती.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. पोरीची साडेसात वर्षांची मेहनत माझ्या काखेत खोकत होती. पण पडद्यावरचे सर्वांत वयस्कर सर पुढे वाकले आणि म्हणाले की बकरीच्या नाकातून पाणी येतंय. मालक तिथं असेल तर त्याला विचारा, आम्ही ऐकतो.

पिंकीनं साहूजींना खिडकीशी बोलावलं आणि ती छत्तीसगढीत सुरू झाली.

"कब ले खाँसत हे, कका?"

"तीन दिन होगे, नोनी." (नोनी म्हणजे पोरी.)

मग तिनं विचारलं, खाते का, हगवण आहे का, कळपात आणखी कोण खोकतं. मागच्या पंधरा दिवसांत बाजारातून नवी बकरी आणली का? आणली होती म्हणे. ती कुठे बांधली? सगळ्यांच्या मधोमध. पिंकी एकेक प्रश्न सोडत होती आणि साहूजींना स्वतःच्याच गोठ्यातलं नवीन काहीतरी कळत होतं. आमच्या मिलमध्ये एक म्हातारे फोरमन होते. ते नुसत्या आवाजावरून सांगायचे कोणतं बेअरिंग जाणार आहे ते. कान देऊन ऐकतानाचा त्यांचा तो चेहरा मी कितीतरी वर्षं पाहिला होता. आज तो माझ्या पोरीचा होता आणि मी जमिनीवर बसून खालून पाहत होतो.

शेवटी तिनं साहूजींना सांगितलं की ही बकरी वेगळी बांधा, आजच सरकारी दवाखान्यात न्या, बाजारातलीला पण न्या. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, रोग पसरवाचा असला ना, तर लोक नेमकं हेच करतात. दूरदूरची जनावरं एका अंगणात आणून उभी करतात. शिबिर बंद करा, अन् हात धुवा."

वयस्कर सर हसल्याचं मी ऐकलं. बकरी उचलून मी बाहेर आलो आणि शिबिर संपल्याचं जाहीर केलं. एकाही जनावराचा नंबर लागला नाही म्हणून मालक नाराज होते. ती नाराजी बोलून दाखवली फक्त टफीनं. तो नायर मॅडमच्या कडेवरून उतरला, माझ्यापाशी आला आणि माझ्या पोटरीला चावला.

मुलाखत संपवून पिंकी धावत आली. तिनं मला अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं जखम धुतली. पाचव्या मिनिटाला मी विचारलं, मुलाखतीचं मले कावून नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमी गाळ्याची गोष्ट काढली असती, अन् मले नाही म्हणता नसतं आलं.

पाणी वाहत होतं.

"त्या गाळ्यात तसंही ऊन येते," मी म्हणालो. "जा तू."

ती मान खाली घालून साबण लावत राहिली. साबण जरा जास्तच झोंबत होता, पण मी पाय नळाखालून काढला नाही.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. साहूजींची ती बकरी वाचली नाही, पण बाकीचा कळप वाचला. पिंकीला दुर्ग स्टेशनवर गाडीत बसवायला ते स्वतः आले आणि माझ्यापेक्षा जास्त रडले. मी नाही रडलो. मला त्याच दिवशी रेबीजचं शेवटचं इंजेक्शन घ्यायचं होतं, त्यामुळे रडायला वेगळं कारण राखून ठेवलं होतं.

मिलमध्ये अजूनही नवी पोरं विचारतात, "काका, तुमच्या शिबिरात किती जनावरांवर इलाज झाला?"

मी खरं तेच सांगतो. एकावर.

"कोणतं जनावर होतं?"

मी पँट वर करून पोटरी दाखवतो.