सूज कुठं दिसत न्हाय

आमच्या अलिबागच्या लॅबमध्ये रक्त ठेवायला फ्रिज आहे. किस्से ठेवायला मात्र माझं डोकंच, आणि तेही आता भरत आलंय. त्यात सगळ्यात जास्त जागा अडवलीय ती सीआरपीनं. ही रक्ताची टेस्ट. शरीरात आत कुठे सूज असली की हिचा आकडा चढतो, आणि त्यावरून हृदयाला धोका किती, याचा अंदाज बांधतात. आमचे डॉक्टर, म्हणजे सर, दिसेल त्याला ही टेस्ट सांगतात.

थळचे एक काका मासळी विकून थेट आमच्याकडे आले. रक्तातली सूज बघायचीय, असं सरांनी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. "सूज कुठं दिसत न्हाय डॉक्टर. चपला बसतात अजून."

मुंबईच्या एका साहेबांचा इथे समुद्राकाठी बंगला आहे. त्यांचा आकडा चढलेला आला. रक्त घेताना गृहस्थ शिंकत होते, पण सर्दी कबूल करायला तयार नव्हते! सर्दीनंही आकडा वाढतो, बरे झालात की पुन्हा बघू, असं सरांनी परोपरीनं समजावलं. पण साहेबांचं दुःख वेगळंच होतं. शेजारच्या बंगलेवाल्याचा आकडा त्यांच्यापेक्षा कमी आला होता. जाताना म्हणाले, "निदान त्याच्याएवढा तरी करून द्या."

एका गुरुजींचा आकडा मात्र मस्त कमी. त्यांनी रिपोर्ट लॅमिनेट करून भिंतीवर लावला. बायको सिगारेटवरून बोलली, की ते धूर सोडत भिंतीकडे बोट दाखवतात. एवढ्यानं सिगारेटला परवाना मिळत नाही, हेही सरांनी त्यांना बजावलं होतं. ते काही त्यांनी लॅमिनेट केलं नाही.

आता खुद्द सर. त्यांचे वडील पन्नाशीत हार्ट अटॅकनं गेले. सरांनी स्वतः पन्नाशी ओलांडली, पण स्वतःच्या रक्ताचा थेंब काढू देतील तर शपथ. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, काळजीनं मागे लागून थकल्या. एकदा भरल्या लॅबमध्ये म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." सर हसले आणि पुढच्या पेशंटला सीआरपी लिहून दिली. मला मात्र हसू आलं नाही.

मग एका दुपारी सरांनी गुपचूप माझ्यापुढे हात धरला. स्टाफमध्ये चर्चा नको म्हणून नाव वहिनींचं टाकायला लावलं. ना सर्दी, ना ताप, तरी आकडा चांगलाच वर आला. सरांनी रिपोर्ट खिशात घातला आणि मला गप्प राहायला सांगितलं.

पण रिपोर्ट तयार झाला, की मेसेज आपोआप नाव असेल त्याच्या मोबाइलवर जातो. अर्ध्या तासात वहिनी दारात. मोबाइलवरचा आकडा त्यांनी सरांना दाखवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. वहिनींचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता.

"मनीषा, माझा ईसीजी काढायचाय. ह्यांना झोपव टेबलावर."