कुरियननं सासूला कुवेत दाखवलं

कुवेतमधल्या आमच्या अब्बासिया वस्तीत कुणाकडे पाहुणा येणं ही नवलाची गोष्ट नाही. व्हिजिट व्हिसावर कुणाची ना कुणाची आई आलेलीच असते, आणि खाली किराणावाल्याच्या दारात पांढरं मुंडू नेसलेली एखादी म्हातारी गोंधळून उभी दिसते. पण माझ्या समोरच्या दारातल्या कुरियनकडे पाहुणा आला की ते साऱ्या इमारतीला कळलंच पाहिजे, असा त्याचा खाक्या. हा माणूस पाहुणचार करत नाही, पाहुणे मिरवतो.

तसा तो इथं आला बायकोच्या व्हिसावर. बिन्सी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये. कुरियन एसीचे सुटे भाग ठेवायच्या गोदामात बसतो. आमच्या मल्याळी मुलखात, पाला गावी, मात्र तो मॅनेजर. दरवर्षी त्याचा कोणीतरी येतो, कधी भाऊ, कधी मामा, एकदा तर मामाचा शेजारीसुद्धा आला होता. प्रत्येकाला तीच सहल घडते. टॉवर, मॉल, मासळी बाजार, समुद्रकाठ. प्रत्येक ठिकाणी फोटो निघतो, त्यात कुरियन पुढे आणि पाहुणा मागे. घरी आल्यावर बिन्सी ड्यूटीवरून येऊन मांस परतते, अप्पम करते आणि उभ्यानंच दोन घास गिळते. वॉर्डात ही बाई भल्याभल्या डॉक्टरांना सुनावते. घरात नवऱ्यापुढे मात्र तोंडाला कुलूप.

नऊ वर्षांनी एकदाची बिन्सीच्या आईची पाळी आली. एलिकुट्टी तिचं नाव, आम्ही सगळे अम्मच्ची, म्हणजे आई, म्हणायला लागलो. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली, चहा बशीत ओतून प्यायली, आणि कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला.

आमच्या ख्रिस्ती लोकांत मयताचा फोटो काढतात. पेटी उघडी, डोक्याशी बायको, पायाशी लेकरं, सुना-जावई दोन्ही बाजूंना, आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. मग तो लग्नाच्या फोटोशेजारी भिंतीवर लागतो. कुणाला विचित्र वाटत असेल तर वाटो.

हा फोटो अम्मच्चीच्या नवऱ्याचा होता. औसेप इथं गवंडी होता. इराकी फौजा शहरात शिरल्या त्या साली तो तापानं गेला. विमानं बंद, फोन बंद. खोलीतल्या सोबत्यांनी त्याला इथंच पुरलं, आणि तसल्या धामधुमीतही कुणीतरी कॅमेरा पैदा केला, कारण फोटोशिवाय माणूस पुरायचा म्हणजे काय. तो रोल एकाच्या मोज्यात लपून बगदाद, अम्मान करत गावी पोचला. फोटोत पेटी, मागे दगडी भिंत, भिंतीला लागून पाण्याची उंच टाकी, आणि पेटीभोवती परके पुरुष.

"घरचं कोणीच नाही बघ ह्यात," अम्मच्ची म्हणाली. "मला तिथं उभं राहायचंय. मी, माझी पोर आणि जावई. एक फोटो काढायचा की झालं. दुसरं मला तुमच्या कुवेतमधलं काही नको."

मी बिन्सीला विचारलं, तू गेली होतीस का कधी? ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मला ती चेची म्हणते, म्हणजे ताई.

"मी अंगणवाडीत होते हो चेची तेव्हा. मला कुठं आठवतंय काही. आणि हे म्हणतात, जाऊ एकदा सावकाश."

नऊ वर्षं त्याच शहरात राहून बापाच्या कबरीकडे सावकाश जाणारी पोर. मला तिचाही राग आला.

अम्मच्चीनं फोटो जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवला होता, म्हणजे जावयाच्या लक्षात राहील. कुरियननं तो बघितलासुद्धा नाही, उलटा करून फ्रीजवर टाकला.

"अम्मच्ची, हे आत ठेवा बघू. चार माणसं येतात घरात. प्रेताचा फोटो बघत कोण जेवेल?"

"कधी जायचं रे तिकडे?"

"जाऊ की. तुम्हाला काय घाई? पुढच्या शुक्रवारी."

पुढच्या शुक्रवारी टॉवर झाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मॉल. तिथं सरकत्या जिन्यावर म्हातारीची चप्पल अडकली, आणि तिला सावरायच्या आधी ह्यानं त्याचा व्हिडिओ काढला. मग प्रार्थना-मंडळातल्या घरांची जेवणं सुरू झाली. गावाहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला मंडळातल्या प्रत्येक घरानं जेवायला बोलवायचं, ही आमची रीत. चांगली रीत आहे, पण कुरियननं तिचा तमाशा केला. प्रत्येक घरात जेवण झालं की तो सासूला पुढे करायचा.

"अम्मच्ची, सांगा बघू ह्यांना, काय काय बघितलं?"

आणि ती बिचारी शाळेतल्या पोरीसारखी म्हणायची, टॉवर बघितला, मॉल बघितला, मासे बघितले. लोक माना डोलवायचे. असा जावई मिळायला नशीब लागतं म्हणायचे. आमचे लोक एरवी मिरचीसारखे तिखट, पण फुकटचं कौतुक करायला मिळालं की त्यांची अक्कल गहाण पडते.

एकदा मला राहवलं नाही. जिन्यातच अडवलं त्याला. "कुरियन, मी नेते अम्मच्चीला. माझी गाडी आहे, सुट्टी आहे."

"छे छे, चेची. आमची पाहुणी तुम्ही कशाला फिरवता? जावई मेलाय का तिचा?"

मी अम्मच्चीला परस्पर विचारून बघितलं, तर तीही तेच म्हणाली. "जावई नेईल गं. त्यानंच उभं राहायला पाहिजे तिथं. पुरुषमाणूस नको का घरचं?"

असं करता करता जायचा शुक्रवार उजाडला. विमान रात्रीचं होतं. खोकी दोरीनं आवळून, वर मार्करनं नाव घालून दाराशी रचलेली होती. दुपारी निरोपाचं जेवण, सगळं मंडळ येणार. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही त्याच दिवशी. सकाळी तिथून बाहेर पडताना अम्मच्ची कुरियनच्या गाडीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता तिकडे." चारचौघांच्या देखत म्हणाली म्हणून त्याला नेणं भाग पडलं. बिन्सी घरी बिर्याणीपाशी होती. मी न विचारता मागच्या सीटवर बसले.

दफनभूमीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आज नोंदणीची खोली बंद आहे, जुन्या कबरी पार मागच्या टोकाला, शोधाव्या लागतील. कुरियननं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ऊन चांगलंच चढलं होतं आणि त्याच्या बुटांना नुकतंच पॉलिश केलं होतं. फाटकापासून जेमतेम पाचपंचवीस पावलांवर बिननावाची सिमेंटची एक कबर होती. तिथंच तो थांबला.

"हीच, अम्मच्ची."

एवढा धडधडीत खोटेपणा मी बाजारातसुद्धा पाहिला नव्हता.

अम्मच्चीनं इकडेतिकडे बघितलं. "इथं भिंत होती ना रे? आणि टाकी?"

"युद्धानंतर सगळं पाडून नवं बांधलं. भिंत मागे सरकवली." त्याचा मोबाइल काढूनही झाला होता. "या, इकडे तोंड करा. थोडं हसा."

ती हसली नाही. तिनं मेणबत्ती लावली, हातानं आडोसा करून ज्योत धरेपर्यंत थांबली आणि प्रार्थना म्हटली, सगळी, एक ओळ न गाळता. मी तोंड उघडणार होते, तर तिनं मागे न बघताच माझा हात घट्ट धरला. गाडीत बसेपर्यंत कुरियननं स्वतः पुढे आणि सासू मागे असा फोटो फेसबुकवर टाकलासुद्धा होता. खाली लिहिलं होतं, पूज्य सासऱ्यांच्या चरणी.

जेवणाच्या वेळेपर्यंत तो फोटो सगळ्यांनी बघितला होता. आलेला प्रत्येक जण आधी कुरियनचा हात दाबायचा आणि मग बिर्याणीकडे वळायचा. कुरियनचे डोळेही जरा पाणावले होते, त्याला ते वेळेवर जमतं. ताटं वाढून झाली तशी त्यानं हाक मारली.

"अम्मच्ची, सांगा बघू सगळ्यांना, काय काय बघितलं?"

अम्मच्ची भिंतीशी खुर्चीवर बसली होती. जेवायचं ताट तिनं बाजूला सारलं.

"टॉवर बघितला," ती म्हणाली. "मॉल बघितला. मासे बघितले. आणि आज सकाळी दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बघितला."

कुरियन हसला. वाटलं असेल, म्हातारी चळली. तेवढ्यात अम्मच्चीनं कमरेच्या पिशवीतून फोटो काढून टेबलावर बिर्याणीच्या पातेल्याशेजारी ठेवला. "माझा ह्या भिंतीशी आहे. येताना मी गाडीतून बघितली. भिंत आहे तिथंच आहे, टाकीपण आहे. जावयानं हा फोटो एकदा सुलटा करून बघितला असता तर त्यालाही दिसली असती."

फोटो ह्या हातातून त्या हातात गेला. तोंडातला घास चावायचा की गिळायचा, हे कुणाला कळेना. शेवटी तो बिन्सीकडे आला. तिनं तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला असावा, कारण ती बराच वेळ मान वर करेना. मग तिनं ओढणीला हात पुसले.

"अम्मच्ची, चपला घाल. चेची, गाडीची किल्ली आहे ना?"

"अगं, पाहुणे बसलेत," कुरियन म्हणाला. "रायतं कोण वाढणार? आणि विमान..."

"तू वाढ की," अम्मच्ची उठता उठता म्हणाली. "यजमान तूच ना?"

दफनभूमीच्या मागच्या टोकाला भिंतीच्या कडेकडेनं आम्ही तिघी चाललो. टाकीच्या सावलीत कबरी एकमेकींना चिकटून होत्या, अर्ध्या वाळूखाली गेलेल्या. बिन्सी गुडघ्यांवर बसून ओढणीनं एकेक पुसत सुटली. सातआठ पुसल्यानंतर एकीवर औसेपचं नाव निघालं, आपल्याच मल्याळम लिपीत, ओल्या सिमेंटात कुणीतरी बोटानं लिहिलेलं. तेव्हा कुठं ती रडली. नऊ वर्षांचं एकदम रडली.

अम्मच्चीनं तिला रडू दिलं, मग उभं केलं, तिचे केस सारखे केले. पोरीला पायाशी उभं करून ती स्वतः डोक्याशी उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागली. मी मोबाइल धरला. त्या दोघींच्या मधे एक बाजू मोकळी दिसत होती.

"जावयासाठी जागा ठेवायची का?" मी विचारलं.

"नको," अम्मच्ची म्हणाली. "त्याचा फोटो निघालाय की सकाळी."