माझ्या आईच्या शब्दांची वाक्यं

‘शेठ, पाया पडते, पुन्हा चोरी करणार नाही.’

हे वाक्य वर दिलेल्या भाषेत लिहा, असा प्रश्न होता. कोड्यातला शेवटचा. सगळ्यात जास्त गुणांचा.

वर दिलेली भाषा माझी होती.

शहापूरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. नववी-दहावीची पोरं. शहापूरची, मुरबाडची, काही कल्याण-ठाण्याहून गाडी करून आलेली. शाळेतल्या मुलांसाठी भाषेच्या कोड्यांची स्पर्धा होती. त्यात एखाद्या अनोळखी भाषेतली वाक्यं देतात आणि समोर त्यांचे मराठी अर्थ. वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघायची. कुठला तुकडा कशाचा, शेवट कुठे बदलतो, ते शोधायचं. नियम हाती लागला की नवी वाक्यं त्या भाषेत करून दाखवायची. पाठांतर नाही, गाईड नाही. ट्यूशन लावणाऱ्यांनाही तिथे काही जास्तीचं येत नाही. म्हणून मला ते फार आवडायचं. मी कातकऱ्याची पोर. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. पहिलीपासून मी दुसरं काय करत होते?

पहिलं कोडं लांबच्या कुठल्या बेटावरचं होतं. तिथे कोळी चंद्र बघत होता. राणी हसत होती. म्हातारी नातवाला होडी देत होती. दुसरं बर्फाच्या मुलखातलं. तिथली मुलगी कोल्ह्याला गाणं ऐकवत होती. दोन्ही मी भराभर सोडवली.

तिसऱ्यावर लिहिलं होतं, ‘सह्याद्रीच्या जंगलातील एका जमातीची बोली’. जमातीला नावसुद्धा नाही. खाली वाक्यं.

नवरा दारू प्याला. नवऱ्यानं बायकोला मारलं. बाईनं भात चोरला. शेठनं बाईला मारलं. पोरांनी उंदीर खाल्ला. चोर सापडला.

डाव्या बाजूला हीच वाक्यं आमच्या भाषेत होती. ती मी इथे लिहिणार नाही. त्यांनी एकदा छापली, तेवढं पुरे.

अंगावर पाल पडावी तसं झालं. बेटावरचा माणूस चंद्र बघणार. बर्फातली पोर गाणं म्हणणार. आणि आमचा माणूस पिणार, मारणार, चोरणार, मार खाणार. शेवटी पाया पडणार.

आणि मग मला ते शब्द ओळखू आले. माझी आई मुरबाडकडची. तिच्या माहेरचं बोलणं आमच्या पाड्यापेक्षा थोडं निराळं आहे. काही शब्द आमच्या पाड्यावर तिच्याशिवाय कोणी बोलत नाही. ते शब्द तिथे होते. छापलेले.

आदल्या दिवाळीत आमच्या पाड्यावर एक जीप आली होती. आमचा पाडा डोळखांबच्या अंगाला. दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात, तेव्हा अजून निघालेले नव्हते. मी वसतिगृहातून सुट्टीला आले होते. जीपमधून एक गृहस्थ उतरले. सोबतचे त्यांना साहेब म्हणत होते. ते बोलीभाषा गोळा करतात असं कळलं. त्यांनी आमच्या अंगणात टेपरेकॉर्डर ठेवला. आई त्यांच्यासमोर बसली, मी आईशेजारी. मराठीत अडलं की मी सांगायचं.

आईनं आधी चहा केला. कोरा. मग आपणहून एक गोष्ट सांगितली. मी लहान असताना म्हशाच्या जत्रेत हरवले होते. आई जनावरांच्या बाजारातून ओरडत फिरली. शेवटी एका कासारणीजवळ मी बसलेली दिसले, दोन्ही हातात बांगड्या. ‘सापडली माझी लेक,’ आई आमच्या भाषेत म्हणाली आणि सांगताना पुन्हा तेवढीच हसली.

साहेब म्हणाले, ‘बाई, गोष्ट नको. मला क्रियापदं हवीत. प्यायला कसं म्हणता? मारलं? चोरलं? खाल्लं?’

आई सांगत गेली. पाहुणा विचारतोय, तर सांगायचं. निघताना ते म्हणाले, ‘तुमची भाषा म्हणजे खजिना आहे.’ आई पुढे कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होती, आपल्याकडं खजिना हाय म्हनं.

आता तो खजिना माझ्या बाकावर होता. मराठीत हरवलेली पोर सापडते आणि चोरही सापडतो. आमच्या भाषेतही दोन्हीला एकच शब्द. आईनं तो माझ्यासाठी उच्चारला होता. साहेबांनी उचलला आणि चोराला लावला.

आणि कोडं म्हणून ते सुंदर होतं, हेही सांगते. एकही वाक्य फालतू नव्हतं. कोणी मारलं, कोणाला मारलं, बाई की पुरुष, सगळे नियम हळूहळू उलगडत जातील अशी बांधणी. म्हणजे त्या माणसाला आमची भाषा कळली होती. चांगली कळली होती. कळून त्यानं हे केलं. त्याची मला जास्त घाण वाटली.

शेवटचं वाक्य मला न सोडवताच येत होतं. पहिला शब्द लिहिला. शेठ. मग हात थांबला. ‘पाया पडते.’ म्हणजे बोलणारी बाई आहे. मी आहे. माझ्या हातानं, माझ्या भाषेत, मीच लिहून द्यायचं की मी चोर. कशासाठी? गुणांसाठी.

लिहिलेला शब्द खोडला. ते सगळं कोडं कोरं ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत नळावर पोरं ती वाक्यं म्हणत होती. सूर लावून. उंदराच्या वाक्यावर तर एकमेकांच्या पाठीत थापा मारत होती. त्यांना काय माहीत ती कोणाची भाषा. पण आमच्या शाळेतल्या एका मुलीला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बोट केलं. ‘हिची आहे ती भाषा.’

कल्याणची एक मुलगी माझ्याशेजारी डबा खात होती. तिनं खरंच उत्सुकतेनं विचारलं, ‘तुम्ही खाता?’ आणि मी तोंड उघडायच्या आत डबा आपल्याकडे ओढून घेतला.

दुपारी उत्तरं समजावून सांगायला स्वतः साहेब आले. फळ्यावर आमची वाक्यं लिहिली. तीच शाळेतली मुलगी उठून म्हणाली, ‘सर, ही त्यांच्यातलीच आहे.’

‘अरे वा! म्हणजे जिवंत नमुनाच आहे आपल्याकडे. ये बाळ, वर ये.’

मी गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या अंगणात बसून चहा प्याला होता तो माणूस. त्यानं माझ्या हातात माइक दिला.

‘हे शेवटचं वाक्य म्हणून दाखव. अगदी घरी म्हणता तसं.’

घरी म्हणता तसं.

‘नाय म्हननार.’

हॉल हसला. साहेबही हसले. ‘लाजू नको. आपल्या भाषेची लाज वाटू नये.’

‘भाषेची लाज नाय वाटत मला. तुमच्या वाक्यांची किळस येते.’

माइक चालू होता. माझाच आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवरून माझ्याकडे परत आला. मग मला थांबता येईना. ‘माज्या आयनं तुमाला चा दिला. जत्रेची गोष्ट सांगितली. ती कुठं हाय ह्यात?’

‘यात भावना आणायच्या नसतात. ही नुसती उदाहरणं आहेत.’

‘मंग तुमच्या आयची द्या ना उदाहरणं.’

आमचे गणिताचे सर धावत वर आले आणि माइक माझ्या हातातून काढून घेतला. ‘माफ करा सर, लहान आहे,’ ते साहेबांना म्हणाले. दोनदा म्हणाले.

हे सर खर्डीहून रोज यायचे. बौद्ध घरातले. आम्हाला कोड्यांचं वेड त्यांनीच लावलं होतं. वसतिगृहाकडे चालताना ते म्हणाले, ‘तू खरं बोललीस. पण वेळ चुकली. मी काय कमी गिळलंय? आधी गिळायचं, वर चढायचं, मग बोलायचं.’

मी विचारलं, ‘मग तुमी कधी बोलणार, सर?’



साहेब आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, हे मला नंतर कळलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं. ‘साहेब स्नेहसंमेलनाला येणार आहेत. स्टेजवर त्यांच्या पाया पड, विषय संपव.’ मी नाही म्हटलं. पुन्हा बोलावलं. पुन्हा नाही म्हटलं. गृहपाल बाई म्हणाल्या, ‘अशी उद्धट मुलगी मला वसतिगृहात नको.’ शेवटी भट्टीवर निरोप गेला.

आई आली ती भट्टीवरूनच. केसांत लाल धूळ, नखांत चिखल. मुख्याध्यापकांनी तिला खुर्ची दिली नाही. ती दाराशी उभी राहिली. मी काय केलं ते त्यांनी तिला सांगितलं. मी मोठ्या माणसाचा अपमान केला, एवढंच. कशावरून, ते नाही.

आई मला म्हणाली, ‘पड गो. पायच हायेत. आमी काय कमी पडलो?’

‘तू पडलीस म्हणून मी नाय पडणार.’

आणि मग मी तिला आमच्या भाषेत ती वाक्यं सांगितली. एकेक करून. त्या खोलीत, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर. त्यांना कळत नव्हतं, ते घड्याळ बघत होते. दारूचं वाक्य. माराचं. भाताचं. आईचा चेहरा तसाच. तिनं आयुष्यात याहून वाईट ऐकलं होतं. मग मी ‘चोर सापडला’ सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

थोड्या वेळानं ती मुख्याध्यापकांना मराठीत म्हणाली, ‘मी त्याला माज्या पोरीचं सांगितलं होतं.’

‘काय म्हणताय?’

‘तुमाला नाय कळायचं.’

तिनं वसतिगृहातून माझी पेटी उचलली. आम्ही बाहेर पडलो. आता ती मला जवळ घेईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गेटबाहेर ती म्हणाली, ‘आता विटा थापशील तवा कळंल शाळा काय होती ती.’

कळलं. पावसाळ्यापर्यंत मी विटा थापल्या. हातांची सालटं निघाली. दहावीचं वर्ष गेलं. माझ्या वर्गातली मुलं दहावीला बसली, साहेब स्नेहसंमेलनाला आले, त्यांना शाल मिळाली. त्या शाळेतून मला कोणी बोलवायला आलं नाही. गणिताचे सरही नाही. आईनंच पुढच्या जूनमध्ये मला हाताला धरून एका आश्रमशाळेत नेलं. ‘हिचं तोंड लय चालतं,’ तिनं तिथल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं. ‘पण पोर हुशार हाय.’

दहावी झाले, डीएड झाले. आज मी मुरबाड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. ती स्पर्धा अजून होते. ते कोडं आता सरावाच्या पुस्तिकेतही छापलंय, साहेबांच्या नावानं. आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकानं ते मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. ‘मॅडम, तुमच्या समाजाची भाषा आहे. काय बांधलंय बघा.’

मी म्हटलं, ‘बघितलंय.’

‘तुम्हाला अभिमान नाही वाटत?’

मी त्याला वाक्यांचे अर्थ मोठ्यानं वाचायला लावले. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. चौथ्या वाक्यावर तो अडखळला. मी म्हटलं, ‘पुढं वाचा.’ त्यानं पुस्तिका मिटली. मी उघडून पुन्हा त्याच्यासमोर ठेवली. शेवटपर्यंत वाचून घेतलं. वाईट नव्हता तो. पण त्याला ती वाक्यं दिसलीच नव्हती. नुसते नियम दिसले होते. मला अशा चांगल्या माणसांचीही आता दया येत नाही.

कोडी मी सोडलेली नाहीत. ती त्यांच्या बापाची नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर आसपासच्या पाड्यांवरची हायस्कुलातली पोरं माझ्याकडे येतात. कातकऱ्यांची, ठाकरांची, कुणब्यांची, बौद्धवाड्यातली. प्रत्येकजण घरच्या भाषेतली वाक्यं आणतो, आपल्याला हवी ती, आणि बाकीचे सोडवतात. स्पर्धेलाही मी त्यांना पाठवते. पाठवणारच. पण हॉलच्या दारात प्रत्येकाला थांबवून एक गोष्ट सांगते. जे वाक्य आपल्या आईसमोर उभं राहून वाचता येणार नाही, ते लिहायचं नाही. कोणाच्याही भाषेतलं असो, आपल्या किंवा दुसऱ्याच्या. त्या वाक्याखाली रेघ मारायची, तिथं ‘हे मी लिहिणार नाही’ असं लिहायचं, खाली आपलं पूर्ण नाव घालायचं आणि उठून यायचं.

गुण गेले तर जातील.