बारदान कापून

विमान कंपनीच्या लोकांना वजन करता येत नाही. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन, आणि नागपूरच्या विमानतळावर सांगितलंही. माझी उभी हयात वांगी-मिरची विकण्यात गेली. वजन कसं करतात ते मला कॉम्प्युटरवर बोटं आपटणाऱ्या पोरीने शिकवायची गरज नव्हती.

आमचं वावर बाळापूरच्या अंगाला. माल अकोल्याच्या बाजारात जातो. माझी बायको, मी तिला बुढी म्हणतो, रोज सकाळी टिनाच्या शेडात पोत्यावर बसून वांगी निवडायची. किडकं बाजूला, चांगलं पेटीत. आणि तिच्या मांडीला टेकून कुत्रा. आता कुत्रा म्हणजे असातसा नाही. आई गावठी, बाप कोणाच्या तरी फार्महाउसवरचा अल्सेशन. मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे पंजे माझ्या खांद्यावर येतात. त्याला नाव कोणी ठेवलं नाही. ती ‘लेकरा’ म्हणते, मी ‘अबे’ म्हणतो. तो दोन्हीला येतो. तिच्या हाकेला जरा लवकर येतो, एवढं खरं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुढी हौदाजवळ घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पोरगी बंगलोरला असते. ती आली आणि आईला घेऊन गेली. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाला, आता चाला. पण बुढी काही उठेना. पोरगी फोनवर रडकुंडीला यायची. “बाबा, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली राहते. बोलतच नाही.”

इकडे कुत्र्याने भाकर सोडली. शेडातल्या त्याच पोत्यावर पडून राहायचा. मी दुधात भाकर कुसकरून द्यायचो. भाकर मला येते, कोणाला वाटत असेल येत नाही. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. समोर उपाशी जनावर बसलं की माणसाच्या गळ्याखाली घास उतरत नाही, म्हणून माझ्याही ताटातली अर्धी उरायची. सगळं गाईला जायचं. त्या उन्हाळ्यात गाय तेवढी मजेत होती. अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरने त्याला तपासलं, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाला, “बिमारी काहीच नाई, काका. घरातलं कोनी गेलं का?” मी म्हणालो, “गेलं नाई. बंगलोरले हाय.”

मग मी पोरीला फोन लावला. “कुत्र्याले घेऊन येतो.”

“बाबा, तुम्हीच या ना! कवाची म्हणून राहिली मी.”

“मी येऊन काय करू? मी का औषध आहो? कुत्रा तुह्या मायजवळ आनून देतो अन् दुसऱ्या दिवशी वापस.”

रेल्वेने नेला असता तर त्याला गार्डाच्या डब्यातल्या खोक्यात एकट्याने एवढा रस्ता काढावा लागला असता, तोही भर उन्हाळ्यात आणि उपाशी पोटी. विमानात दोन तासांचं काम, असं पोरगी म्हणाली. अमरावतीला आता विमानतळ झालं आहे, तिथून बसतो म्हणालो, तर म्हणे ते लहान विमान आहे आणि मुंबईला जातं, तुमचा वाघ त्यात बसायचा नाही, नागपूरहूनच या. आणि कुत्र्यासाठी प्लॅस्टिकचा पिंजरा मिळतो, तो घ्या.

“प्लॅस्टिकचा? म्हणजे कॅरेट?”

“कॅरेट नाही हो बाबा. कुत्र्यांसाठीच बनवतात.”

मी फोटो पाहिला. कॅरेटच होतं, वर झाकण आणि पुढे जाळीचं दार. कॅरेट टमाट्यासाठी असतं. पोटात उभ्या-आडव्या पेट्या भरून आभाळात उडणाऱ्या यंत्रात माझा कुत्रा त्या कॅरेटमध्ये? एक पेटी अंगावर कलंडली की संपला. माळ्यावर सागवानाच्या फळ्या होत्या, नव्या दारासाठी ठेवलेल्या. सुताराला बोलावलं आणि त्याच्या उरावर बसून पेटी करून घेतली. चारही कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, हवेसाठी सळया, कडी-कोयंडा. सुतार म्हणाला, “याच्यात हत्ती ठेवला तरी निंगनार नाई.” चार माणसं लागली उचलायला. असंच काम पाहिजे.

कंपनीला कुत्र्याचं वजन कळवायचं होतं. त्यासाठी मी पेटी बाजारात नेली. तिथला काटा रोजचा आणि मापारी रोजचा, माझ्याइतकाच जुना. त्याने सळयांतून आत पाहिलं.

“काय गा, आज वांगे नाई का?”

“दिसत नाई का तुले?”

“माल थोडा सुकलेला दिसते. निवडून आनला का तसाच उचलला?”

“तू वजन कर.”

“करतो ना. पन भाव पाडला तं हा चावनार नाई ना?”

सगळा बाजार हसला. मी नाही हसलो. मापाऱ्याने वजन केलं, मग कुत्र्याला बाहेर काढून नुसती पेटी ठेवली, तिचं वजन कापलं आणि कुत्र्याचं सांगितलं. ज्यांनी बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोतं, पेटी, कॅरेट, ज्याच्यात माल भरला ते सगळं बारदान. काट्यावर सगळं चढतं, पण हिशेबात बारदान कापतात, उरतो तो माल. माझ्या आजापासून हेच चाललेलं आहे. मापाऱ्याशी माझी जन्मभर भांडणं झाली ती बारदान जास्त कापतो म्हणून. कापूच नको असं मी कधी म्हणालो नाही, आणि बारदान कापतच नाही असा काटा मी पाहिला नव्हता.

पोरीने विचारलं, “पेटीत ठेवूनच मोजला ना, बाबा?”

मी म्हणालो, “पेटीतच मोजला. बाजारच्या काट्यावर.”

यात खोटं काय आहे? तिने तोच आकडा कंपनीला दिला.

नागपूरला माझा भाचा राहतो, त्याच्याकडे मालाची गाडी आहे. तो आला आणि आम्ही निघालो. अमरावतीच्या बाहेर चहाला थांबलो तर पेटीभोवती माणसं जमली. एक जण पुढे होऊन म्हणाला, “काका, आत बिबट हाय का?” मी म्हणालो, “हाय. हात घालून पाह्य.” तो मागे सरकला. भाचा म्हणाला, “मामा, कुत्र्याले पेटीच्या बाहेर बसवू का? तो थरथरून राहिला.” मी म्हणालो, “राहू दे. सवय होऊ दे.” खरं म्हणजे घरून निघताना त्याला आत ढकलायला दोघांना जोर लावावा लागला होता, आणि एकदा बाहेर काढला तर पुन्हा गेला नसता. ते भाच्याला कशाला सांगू.

विमानतळावर हमालांनी पेटी कशीबशी काट्यावर चढवली. काउंटरवरची पोरगी चांगली होती, गोड बोलायची, पण ऐकायची नाही. तिने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

“काका, हे तर पाऊण क्विंटल भरतंय. तुम्ही कळवलंय तीसच्या आत.”

“बरोबर हाय. बारदान कापा.”

“काय कापू?”

“बारदान! पेटी. पेटी कापा, कुत्रा तेवढाच हाय.”

“काका, पेटीसकटच वजन धरतात. आणि एवढं जड आम्ही घेऊ शकत नाही.”

“पेटीसकट कोन धरते? पेटी का माल हाय? पेटीले का भूक लागते?”

तिने तिच्या साहेबाला बोलावलं. तो हिंदी बोलायचा. मीही हिंदीत सांगितलं, “साब, बारदाना काटो, पूरी मंडी काटती है.” तो म्हणाला, ये मंडी नहीं है, चाचा. मी म्हणालो, दिख रहा है, मंडी में अक्कल होती है. मागे रांग लागली होती. त्यातला एक चष्मेवाला म्हणाला, “अहो आजोबा, आमची बॅग मोजताना बॅग कुठे वेगळी काढतात? कपड्यांसकटच मोजतात.”

“तुमच्या ब्यागीत जीव नाई.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“सारखा? मंग तुमाले काहून नाई मोजलं?” त्याचं पोट चांगलं पुढे होतं. “तुमी माह्या कुत्र्याच्या दोन भरता. तुमाले काट्यावर न ठेवता आत सोडून राहिले, अन् त्या सुकलेल्या जनावराले लाकडासकट मोजून राहिले!”

दोन-तीन माणसं हसली, पण काम कोणाचंच झालं नाही. माझं तर नाहीच. साहेबाने पेटी खाली उतरवायला सांगितली. काउंटरवरची पोरगी हळूच म्हणाली, “काका, तुमचं तिकीट आहे. तुम्ही जाऊ शकता. कुत्र्याला कोणाजवळ ठेवाल का?” भाचाही तेच म्हणाला, “मामा, तुमी जा. मी सांभाळतो त्याले.”

मी पेटीवर बसलो. कोणी उठवायला आलं तर उठायचं नाही असं ठरवलं होतं. तोंडाने मी म्हणत होतो की वजनाचा न्याय होत नाही तोवर हलणार नाही. कुत्रा खाली सळयांतून नाक काढून माझ्या धोतराला लावत होता.

भाच्याने बंगलोरला फोन लावून माझ्या कानाला धरला. पोरगी सुरू झाली, “बाबा, मी तुम्हाला प्लॅस्टिकचा घ्या म्हटलं होतं की नव्हतं? तुम्हाला कोणाचं...” मग मध्येच थांबली. फोन कोणीतरी घेतला. किती दिवसांत फोनवर न आलेली बुढी बोलली.

“आयकता का?”

“बोल.”

“त्यानं खाल्लं का काई?”

“नाई.”

मी फोन ठेवून दिला.

मी भाच्याला म्हणालो, “ते कॅरेट कुठं भेटते?”

भाचा शहाणा आहे. गाडी काढली, कुत्र्याच्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, मोठा साइज एकच शिल्लक आहे. मी तो हातात उचलला, एका हाताने उचलला गेला. अशा वस्तूवर विश्वास ठेवायला मन तयार होत नाही. दार उघडून जमिनीवर ठेवला, आणि कुत्रा आपण होऊन आत गेला, गोल फिरला आणि बसला. कोणी ढकललं नाही. दुकानदार खूश झाला, “देखो, पसंद आ गया!” मला असा राग आला की काय सांगू. माझ्या सागवानात जाताना पाय रोवून उभा राहिला होता हा.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. काउंटरवर तीच पोरगी होती. तिने वजन केलं, हसली आणि म्हणाली, “आता बरोबर, काका.” मी म्हणालो, “बरोबर नाई. चालते म्हना.”

विमानात मी वर, तो खाली. एअर होस्टेस आली तेव्हा मी तिला विचारलं, “खाली हवा लागते ना?” ती म्हणाली, हो. तिने नाश्ता पुढे केला तो मी परत दिला. चपला काढल्या आणि तळवे फरशीला लावून बसलो. बैलबंडीत बसलं की चाकाखालचा खडासुद्धा बुडाला कळतो, तसा तो भुंकला तर कळेल असं वाटलं. पण तिथे सगळंच थरथरत होतं. मला काही कळलं नाही. त्या प्रवासात खिडकीबाहेर काय होतं ते मला विचारू नका, मी पाहिलंच नाही. शेजारच्याने दोनदा माझ्या पायांकडे पाहिलं. पाहू दे.

बंगलोरला सगळ्यांच्या बॅगा आल्या, तो येईना. मी तिथल्या माणसाला हिंदीत विचारलं, त्याने कानडीत सांगितलं, मी वऱ्हाडीत शिव्या दिल्या. शेवटी एका दारातून ढकलगाडीवर कॅरेट आलं. आत तो होता, डोळे मोठे झालेले. एक कोपरा जरा घासला होता, बाकी सगळं शाबूत. ते पाहूनही मला रागच आला.

बाहेर पोरगी उभी होती आणि चाकाच्या खुर्चीत बुढी. सहा महिने झाल्यासारखं वाटलं, तेवढे झाले नव्हते. केस पोरीने विंचरलेले दिसत होते, तिची स्वतःची वेणी अशी नसते. मी कॅरेटचं दार उघडलं. कुत्रा बाहेर येईना. मी म्हणालो, “अबे, चाल.” येईना. बुढी म्हणाली, “ये रे लेकरा.”

तो आला. आधी एका खांबापाशी गेला आणि पाय वर केला. किती वेळ, ते विचारू नका, आलेली-गेलेली सगळी माणसं थांबून पाहत होती. शिपाई ओरडत आला, पोरगी त्याला सॉरी सॉरी म्हणू लागली. मग कुत्रा खुर्चीजवळ गेला आणि रोज शेडात टेकायचा तसा तिच्या मांडीला टेकला. तिने त्याच्या मानेवरून, मग फासळ्यांवरून हात फिरवला.

मग माझ्याकडे पाहिलं. वरून खाली पाहिलं, वांगं पाहावं तसं.

“कुत्रा वाळला, कुत्रा वाळला, म्हनत होते पोरीले फोनवर. सोताचं काहून नाई सांगतलं?”

“माह्यं वजन कोनी केलं नाई.”

तिने मांडीवरची पिशवी उघडली. फडक्यात ज्वारीची भाकर होती. पोरगी म्हणाली, “सकाळी आई स्वतः उठली ओट्यापाशी. मी खुर्ची देते म्हटलं तर ऐकली नाही.” बुढीने भाकर मोडली. अर्धी कुत्र्यापुढे धरली, अर्धी माझ्यापुढे. मी म्हणालो, “इथं? लोकं पाहून राहिले.” तिने हात मागे घेतला नाही. आम्ही दोघांनी खाल्ली, तो बसून, मी उभ्याने.

दुसऱ्या दिवशी वापस जायचं म्हणालो होतो. ते राहिलं. ती आता काठी धरून फाटकापर्यंत चालते, एका बाजूला कुत्रा, एका बाजूला मी. वावर भावाकडे आहे. सागवानाची पेटी भाच्याच्या गच्चीवर पडली आहे. तो विचारतो, मामा, मोडून टाकू का? अजिबात मोडायची नाही. पेटीत काही चूक नव्हती. बारदान कापायलाच पाहिजे होतं.