वहिनींना मी काय सांगितलं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते हलकं झालंच, तर माझा मलाच संताप येईल.

द्वारका चौकाजवळ माझं मेडिकल आहे. डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले, फार्मसी केली. पण घरच्यांसाठी मी डॉक्टरच. कुणाला काही झालं की आधी मला फोन. आवडायचं मला ते. फार आवडायचं.

वहिनींना, म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बायकोला, टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं — भूक मेली, उलट्या झाल्या, तर गोळ्या थांबवून लगेच या, लिव्हरला त्रास होऊ शकतो. तिसऱ्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या.

"भाऊजी, अन्नाचा वासही नको वाटतो. लघवी पण गडद होतेय. डॉक्टरांकडे जाऊन येऊ का?"

इतकं सरळ विचारलं होतं त्यांनी! आणि मी? मी हसलो. या गोळ्यांनी लघवी लालसर होतेच, हे मला पाठ होतं ना. कॉलेजात शिकलेलं एक वाक्य, तेवढ्यावर माझी सगळी ऐट. भुकेचं काय, ते विचारलंच नाही. "रंग गोळ्यांचा आहे, वहिनी. कोर्स मोडायचा नाही," म्हणालो आणि लिव्हरच्या टॉनिकची बाटली हातात ठेवली. "हे घ्या रोज. लिव्हरला काही होणार नाही."

कशावरून होणार नाही? बाटलीवर हिरवं पान छापलंय म्हणून? गोळ्यांपासून ते लिव्हर वाचवतं की नाही, हे मी कधी तपासलं तरी होतं का? लोक मागतात, मी देतो — एवढंच माझं ज्ञान. साधी रक्ततपासणी, एक सकाळ गेली असती.

दहा-बारा दिवसांत डोळे पिवळेजर्द. दवाखान्यात नेलं तेव्हा वहिनी शुद्धीवर नव्हत्या. डॉक्टर बाहेर येऊन ओरडलेच, "गोळ्या चालू ठेवायला सांगितलं कुणी?" दादाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, "मी वहिनींना तपासणी करा म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

खोडून काढायला कोण होतं? ज्या होत्या त्या आत निपचित पडल्या होत्या. चौथ्या दिवशी गेल्या.

त्याआधी, कपडे आणायच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो आणि ओट्यावरची ती बाटली उचलून आणली. रिकामी होती. मापाचं झाकण धुऊन, पुसून, शेजारी उपडं घातलेलं.

तेव्हापासून घरात एकच बोलणं — हट्टी होती, दुखणं अंगावर काढलं. वर्षश्राद्धाच्या पंगतीत दादा तेच म्हणाला. रागाने म्हणाला, मेलेल्या बायकोवर चिडून. मी शेजारी बसून खीर खाल्ली. वाढून घेऊन खाल्ली!

गेल्या महिन्यात दादाला कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. दुकानात आला, काउंटरवर हात टेकून उभा राहिला. "या गोळ्याही लिव्हरला बाधतात म्हणे. लिव्हरसाठी काय घेऊ, सांग. मी काही तिच्यासारखा नाही. तू म्हणशील ते ऐकेन."

वहिनींनी ऐकलं होतं, दादा. माझंच ऐकलं होतं. बाटली संपेपर्यंत.